कारणाचा रकाना

लोक त्याला दौत म्हणत. पूर्वी ‘दौतराव’ म्हणत. देश स्वतंत्र झाला त्या आठवड्यात मागचा ‘राव’ गळून पडला आणि ‘तुम्ही’चे ‘तू’ झाले. शब्दांचे वजन जोखण्यातच आयुष्य गेलेल्या या अर्जनवीसाने ही घट निमूटपणे सोसली; मनात मात्र एकेकाची नोंद करून ठेवली.

तीस वर्षे तो कचेरीच्या व्हरांड्यात, उतरत्या फळीच्या मेजामागे बसत आला होता. मेजावर टाक, टीपकागद आणि अंगठ्यासाठी शाईची गादी. त्याच्या कामाची एक रीत होती: आधी अंगठा, मग मजकूर. माणसे सकाळी कामावर जाता जाता येत. मजकूर पुरा होईपर्यंत थांबायला सवड कोणाला? तो दोन वाक्यांत गाऱ्हाणे ऐके, कोऱ्या कागदाच्या तळाशी अंगठा गोल फिरवून घेई, कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने ‘नळ’, ‘भाडे’, ‘दाखला’ असे खूण म्हणून लिही आणि दुपारच्या निवांतपणात वरची सारी पांढरी जागा भरून काढी. ती जागा म्हणजे त्याची जहागीर होती. तिथे कोण काय म्हणाले हे तो ठरवीत असे.

वॉर्डात वाचता येणारे चौघे होते, लिहिता येणारा हा एकच. म्हणून नव्या सरकारचा कागद आला तेव्हा, मनात कितीही असले तरी, लोकांना त्याच्यापाशी यावेच लागले.

कागद घटना समितीचा होता. देशाचा कायदा कसा असावा हे प्रत्येक वॉर्डाने सांगायचे होते. आखलेले दोन मोठे तक्ते सोबत आले होते. एक वापरायचा, एक बिघडला तर. प्रत्येक तक्त्यावर दोन रकाने: डावीकडे ‘सूचना’, उजवीकडे ‘कारण’. खाली किमान चाळीस प्रौढांच्या सह्या किंवा अंगठे हवेत. चाळीस असतील तर निवेदन सभागृहात वाचले जाईल. कमी असतील तर नुसते फायलीत जाईल. शनिवारी दुपारी बाराला मोहोरबंद पेटी गाडीत चढणार होती.

शुक्रवारी दुपारी वॉर्ड जमला तो जुन्या पोलीस चौकीत. तीच आता वॉर्ड समितीची खोली झाली होती. शिपायांचे दंडुके लटकत त्या खुंट्यांवर आज छत्र्या आणि पिशव्या लोंबत होत्या. भिंतीला टेकून बसताना प्रत्येकाचा खांदा किंचित आखडत होता. पाठीला काहीतरी आठवावे तसा. कोणी कोणाशी धड बोलत नव्हते. सहा वर्षे या वॉर्डाने एकमेकांच्या खबरी चौकीत पोहोचवल्या होत्या, आणि आता शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून त्याला देश घडवायचा होता.

एकुलत्या एका खुर्चीत वखारवाला बसला होता. कोळशाच्या वखारीचा मालक, वॉर्ड समितीचा अध्यक्ष. खुर्चीही त्याने वखारीतूनच आणवली होती.

“पाच गोष्टी लिही,” तो दौतीला म्हणाला. “नळ, दिवे, शाळा, दवाखाना आणि वखारीपर्यंतचा रस्ता.”

“रस्ता घटनेत बसतो का?” सलूनवाल्याने विचारले. तो रोज गिऱ्हाइकांना वर्तमानपत्र वाचून दाखवी, आणि त्या बळावर कोणालाही प्रश्न विचारी.

“तुझा वस्तरा बसतो का? मग गप्प बस.”

थोडे हसणे झाले. दौत हसला नाही. त्याने तक्ता मेजावर पसरला, गादीचे झाकण उघडले आणि तीस वर्षे हात जे करत आला तेच हाताने केले. “या एकेक. अंगठे देऊन मोकळे व्हा. मजकूर मी भरतो.”

रांग लागली. त्याने मान वर केली नाही. त्याला चेहऱ्यांपेक्षा अंगठे ओळखीचे होते. शिंप्याचा, सुईने चाळण झालेला. मिस्तऱ्याचा, चुन्याने उललेला. सतरा झाले. अठरावा मेजावर आला आणि थांबला. त्याच्या टोकाशी भाजल्याचा जुना पांढरा डाग होता, तांदळाच्या दाण्याएवढा. दौतीचा हात गादीवरच राहिला.

“कागद कोरा आहे,” इस्त्रीवाली म्हणाली.

“मजकूर मागनं भरतो. सगळ्यांचं तसंच आहे.”

“मागच्या खेपेला माझंही तसंच होतं.”

रांगेतल्या माना वळल्या. ही बाई सहा वर्षांत चारचौघांत बोलली नव्हती. तिच्याशीही कोणी बोलत नसे. वॉर्डाच्या लेखी ती नवऱ्याला चौकीच्या घशात घालणारी बाई होती. तिचा नवरा आणि वखारवाला सख्खे भाऊ, वखारीतले भागीदार. एके सकाळी शिपाई थोरल्याला घेऊन गेले. ती मागोमाग धावत चौकीत आली, याच खोलीत, तेव्हा फौजदाराने तिच्यापुढे एक कागद धरला. घरात बंदी असलेली पत्रके लपवली आहेत, अशी खबर त्यावर होती, आणि तळाशी पांढऱ्या डागाचा अंगठा. “बाई, तुझाच ना?” फौजदाराने विचारले होते. तिचाच होता. स्वातंत्र्याच्या दिवशी तुरुंग उघडले, वॉर्डातले तिघे परत आले. तो आला नाही. कुठे गेला हेही कोणी सांगितले नाही. लोक तिच्याकडे कपडे इस्त्रीला देत, कारण दुसरे कोणी नव्हते. पण गाठोडे हातात न देता पायरीवर टाकून जात. वखारीतला कोळसा ती घेत नसे. दोन मैलांवरून दुसरा आणी.

“मला एक सूचना लिहायची आहे,” ती म्हणाली. “ज्याचा अंगठा, त्याला मजकूर आधी वाचून दाखवल्याशिवाय कुठलाही कागद सरकारनं खरा धरायचा नाही. आणि कागद ज्यानं लिहिला त्याचं नाव खाली पाहिजे.”

“वहिनी,” वखारवाला खुर्चीतून न उठता म्हणाला, “घरातलं घरात ठेवा.”

“भावजी, घरातलं घरात राहिलं असतं तर तुमचे भाऊही घरात राहिले असते.”

“ऐका,” मागून मिस्तऱ्याची बायको म्हणाली. “नवऱ्याला पकडून दिलं आणि आता आपल्याला कायदा शिकवायला आली.”

“शिकवू द्या की,” शिंपी म्हणाला. “घटनेच्या सुरकुत्या निघतील. घड्या मोडल्या नाहीत म्हणजे झालं.”

हसणे पुन्हा उसळले. ती हलली नाही. दौत तिच्या हाताकडे पाहत होता. तिला निदान ओरडता यायला हवे होते, असे त्याला वाटले. ओरडणाऱ्या माणसांचे अर्ज त्याने हजारो लिहिले होते. त्यांचा राग कागदावर आला की निवून जाई. हा राग सहा वर्षे निखाऱ्यासारखा झाकून ठेवलेला होता, राखेखाली, लोखंडाच्या पोटात.

“वाचून दाखवायला काय जातं?” सलूनवाला म्हणाला. “बाईचं म्हणणं चूक काय आहे त्यात?”

“चूक-बरोबर मी बघतो.” वखारवाला उठला, मेजापाशी आला आणि दौतीच्या कानाशी वाकला, पण आवाज खाली आणण्याची तसदी त्याने घेतली नाही. नोकराशी बोलताना कोण आवाज खाली आणतो? “हिचं वगळ. पाच गोष्टी लिही. अंगठे तुझ्याकडं आहेतच. लिही.”

आणि दौतीला ती दुपार आठवली. आठवली म्हणणे बरोबर नाही. ती गेलीच नव्हती, मेजाच्या खणात घडी करून पडली होती. असाच वाकलेला हा माणूस, अंगाला असाच कोळशाचा वास. वहिनीनेच सांगितले आहे, तो म्हणाला होता, तिला इथे यायची लाज वाटते, नळाच्या अर्जासाठी दिलेला तिचा कोरा कागद पडलाच आहे ना? अंगठा तुझ्याकडे आहे. लिही. तिचे घर व्हरांड्यापासून दीडशे पावलांवर होते. जाऊन विचारावे असे त्याच्या मनात आले होते. ऊन फार होते. त्याने कागदाच्या पाठीवरचा ‘नळ’ खोडला आणि सुरेख वळणदार अक्षरांत, एकही शब्द न गाळता, एका माणसाला संपवले.

पुढे जे झाले ते पश्चात्तापाने झाले असे सांगितले तर ते खोटे ठरेल. झाले ते रागाने. तीस वर्षांत कोणी त्याला ‘लिही’ असे दोनदा त्याच सुरात म्हटले नव्हते. हा माणूस त्याला हात समजत होता, हाताच्या मागे कोणी नाही असे समजत होता. दौतीने टाक शाईत बुडवला आणि सतरा अंगठ्यांच्या तक्त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली.

“हा बिघडला,” तो म्हणाला.

“माझा अंगठा होता त्यावर,” शिंपी म्हणाला.

“कशाखाली होता, माहीत आहे तुला?”

शिंप्याने आपल्या शाईच्या अंगठ्याकडे पाहिले.

दौतीने दुसरा, शेवटचा तक्ता पसरला. नळ, दिवे, शाळा, दवाखाना, प्रत्येकासमोर कारण. रस्ता त्याने लिहिलाच नाही. पाचव्या जागी इस्त्रीवालीची सूचना तिने सांगितली तशीच उतरवली आणि मोठ्याने वाचून दाखवली. खोलीत कोणी मान हलवली नाही, पण कोणी अडवलेही नाही.

“आता कारण,” ती म्हणाली.

“कारण लिहितो. ‘अशिक्षित जनतेची फसवणूक होऊ नये म्हणून.’”

“ते कारण नव्हे. ती साखर झाली. काय झालं ते लिही.”

तो लिहू लागला आणि लिहिता लिहिता वाचू लागला, कारण ती समोरून हलत नव्हती. “‘सहा वर्षांपूर्वी या वॉर्डातील एका स्त्रीने नळाच्या अर्जासाठी कोऱ्या कागदावर अंगठा दिला. तिच्या नकळत त्याच कागदावर तिच्या नवऱ्याविरुद्ध खबर लिहिण्यात आली.’”

“कुणी लिहिली?”

टाकाच्या टोकाशी शाईचा थेंब जमला. दौतीने तो टिपकागदावर झटकला. बाहेरच्या रस्त्यावर कोणीतरी हातगाडी ढकलत नेत होते. तिचे एक चाक करकरत होते.

“‘ती खबर,’” त्याने वाचले, “‘हे निवेदन लिहिणाऱ्यानेच लिहिली. त्या स्त्रीला त्याने विचारले नाही. मजकूर सांगणारा तिचा दीर होता. तो आज वॉर्ड समितीचा अध्यक्ष आहे.’” आणि खाली, तीस वर्षांत कुठल्याही कागदावर जे कधी लिहिले नव्हते ते, स्वतःचे पूर्ण नाव त्याने लिहिले. हात अनोळखी वळणे गिरवत असल्यासारखा अडखळला.

वखारवाला आधी हसला. मग म्हणाला, “उन्हानं डोकं फिरलंय याचं. नव्या सरकारात टिकायचं म्हणून माझ्यावर ढकलतोय. पुरावा आहे?”

“कागद याच खोलीच्या कपाटात असेल,” सलूनवाला हळूच म्हणाला. “फौजदार पळाला, कपाट नेलं नाही त्यानं.”

“कपाटाची किल्ली माझ्याकडं आहे.”

हे वाक्य तोंडातून निसटल्यावरच ते कसे ऐकू आले असेल हे वखारवाल्याच्या ध्यानात आले. त्याने सर्वांकडे एकदा नजर फिरवली. “खुर्ची माझी आहे,” तो म्हणाला, ती उचलून डोक्यावर घेतली आणि चालता झाला. दारात खुर्चीचे पाय चौकटीला अडकले. त्याला दोनदा मागे यावे लागले. एरवी वॉर्ड लोळून हसला असता.

इस्त्रीवालीकडे कोणी पाहिले नाही. मिस्तऱ्याच्या बायकोने पदराला नसलेली धूळ झटकली. मग सारी खोली दौतीवर उलटली. तेच सोपे होते.

“माझ्या घरभाड्याच्या अर्जात काय लिहिलं होतंस?”

“माझ्या भावाला दाखला का नाही मिळाला? खरं सांग.”

“आमचे कोरे कागद किती पडलेत तुझ्याकडं?”

शिंप्याने शब्द वाया घालवले नाहीत. त्याने मेजावरची शाईची दौत उचलली आणि दौतरावाच्या छातीवर रिकामी केली. सदरा काळाभोर झाला. तक्ता तेवढा सलूनवाल्याने वेळीच उचलून धरला होता. दौतीने खाली पाहिले, खणातून दुसरी बाटली काढली आणि म्हणाला, “अंगठे द्यायचे असतील तर द्या. चाळीस हवेत.”

“आधी वाच,” शिंपी म्हणाला.

“आत्ताच वाचला की.”

“तो सगळ्यांना वाचला. माझा अंगठा, मला वाच. मधे एखादा शब्द घुसडला असशील. तुझा काय भरवसा?”

आणि तीच रीत पडली. कोणी ठरवली नाही, पण सगळ्यांनी उचलली. प्रत्येक माणूस मेजासमोर बसे, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरून ठेवी, आणि दौत पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत त्याला एकट्याला वाचून दाखवी. नळ, दिवे, शाळा, दवाखाना. मग पाचवी सूचना. मग कारण. ‘ती खबर हे निवेदन लिहिणाऱ्यानेच लिहिली.’ काहीजण तेवढाच भाग पुन्हा वाचायला लावत आणि त्याच्या तोंडाकडे पाहत. तहानेसाठी नव्हे, तर घसा साफ व्हावा म्हणून कोणी एक पेलाभर पाणी मेजाच्या कडेला आणून आदळले. तिन्हीसांजेपर्यंत एकोणीस अंगठे झाले. इस्त्रीवाली सगळा वेळ भिंतीशी उभी होती आणि दर खेपेला तिचे ओठ वाक्यांबरोबर हलत होते. मजकूर तिला पाठ झाला होता.

घरी बायकोने शाईचा सदरा पाहिला, पाण्यात टाकला नाही. खुंटीला तसाच टांगला. जेवताना ती म्हणाली, “कळलं. नळावर सगळ्या तेच बोलत होत्या.”

“तुला काय वाटलं?”

“मला आज नाही कळलं काही. सहा वर्षं मी आपले कपडे तिच्याकडं न देता घरीच निखाऱ्यांचा तांब्या फिरवून काढते आहे. तुम्हाला काय वाटलं, पैसे वाचवते?”

त्याने घास तोंडात तसाच धरला. “मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही कोणाला विचारता का कधी?” तिने भांडी उचलली.

शनिवारी सकाळी तो चौकीत पोहोचला तेव्हा दोन माणसे आधीच बसलेली होती. वखारवाल्याने वॉर्डभर निरोप फिरवला होता: जो अंगठा देईल त्याला कोळसा बंद. त्यामुळे अकरा जण आले नाहीत, आणि जे आले ते अधिक चिडून आले. त्यांतले काही केवळ वखारवाल्याला झोंबावे म्हणून आले होते. मिस्तऱ्याची बायको त्यांत होती. कोणाच्या मनात काय आहे हे अंगठा सांगत नाही. दौतीला एवढे नक्की ठाऊक होते. साडेअकरापर्यंत त्याचा आवाज फाटून खरखरीत झाला होता आणि बेचाळीस अंगठे तळाशी उमटले होते. तक्ता आता सभागृहात वाचला जाणार होता.

तेव्हा इस्त्रीवाली भिंतीपासून पुढे आली.

दौतीने घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. “तू नको,” ती म्हणाली आणि सलूनवाल्याकडे वळली. “दादा, तुम्ही वाचा.”

सलूनवाल्याला छापील अक्षर सरावाचे, हाताचे नव्हे. तो प्रत्येक शब्दापाशी धडपडत, बोट ठेवत, मागे जात वाचू लागला. गाडीवाल्याने बाहेरून दोनदा हाक मारली. ती घाईत नव्हती. ‘तिच्या नकळत’ या शब्दांशी सलूनवाला अडला, त्याने ते पुन्हा वाचले. सारे संपल्यावर तिने विचारले, “कोरी जागा कुठं राहिली आहे का?”

“नाही.”

तिने गादीवर अंगठा टेकवला. दौतीचा हात सवयीने पुढे झाला. अंगठा धरून गोल फिरवायचा असतो, नाहीतर ठसा फरकटतो. तिने त्याच्याकडे असे पाहिले की हात मेजाखाली गेला. तिने स्वतःच दाबला. ठसा फरकटला. पांढऱ्या डागाची जागा लांबट झाली.

“स्पष्ट नाही उठला,” तो न राहवून म्हणाला. “दुसरा घ्यावा लागेल.”

“एक तू घेतलेला आहे की स्पष्ट. कपाटातला.” तिने बोट पदराला पुसले. “सोमवारी कपाट उघडायचं आहे. किल्ली नाही मिळाली तर पहार आणू. आणि तोही कागद तूच वाचायचास. इथंच, सगळ्यांसमोर.”

“वाचीन.”

“वाचशीलच. मी विचारत नव्हते.”

सलूनवाल्याने तक्त्याची गुंडाळी केली, पेटीच्या फटीतून आत सरकवली. गाडी निघून गेली. लोकही पांगले, एकमेकांना निरोप न देता, छत्र्या खुंट्यांवरून काढून घेत.

संध्याकाळी दौत घरी आला तेव्हा पायरीवर गाठोडे होते. बायको ते सकाळी इस्त्रीवालीकडे घेऊन गेली होती. टाकून आली नव्हती, हातात दिले होते, असे तिने नंतर सांगितले. इस्त्रीवालीने ते घेतले होते. बायकोची लुगडी, चादरी, उशांचे अभ्रे, सारे धारदार घड्यांत रचलेले होते, अजून किंचित कोमट. सगळ्यांत वर त्याचा सदरा होता. चुरगळलेला, छातीशी काळा, जसा गेला तसा परत आलेला.

“सगळं केलं तिनं,” बायको आतून म्हणाली. “तुमचं तेवढं ठेवलं.”